राखून ठेवलेला निकाल

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक विद्यापीठाच्या परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. नोकरीचे नियम आहेत, आणि ज्या बाईंबद्दल लिहायचंय त्यांची ओळखही झाकलेली राहायला हवी. या शहरात अशी विद्यापीठं एकाहून जास्त आहेत. १८५७ सालचं मुंबई विद्यापीठ, महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेलं महिला विद्यापीठ, आणि अगदी अलीकडचं म्हणजे २०१९ मधलं डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ. कायदा सगळ्यांना एकच, २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा. कुलपतीही सगळ्यांचे एकच, राज्यपाल. पण बाहेरून कागदासाठी आलेल्या माणसाला राज्यपाल दिसत नाहीत, कुलगुरूही दिसत नाहीत. त्याला दिसते खिडकी. त्या खिडकीच्या आत मी २००९ पासून बसतेय.

कनिष्ठ लिपिक म्हणून लागले तेव्हा मराठी टायपिंग तीसचं, इंग्रजी चाळीसचं आणि एमएससीआयटी एवढी शिदोरी होती. मला वाटलं होतं, टायपिंग हेच काम असणार. महिन्याभरात कळलं की काम आहे टिपणी लिहिण्याचं. नस्ती म्हणजे फाइल उघडली की उजवीकडे पत्रव्यवहार असतो, डावीकडे टिपणी. पहिली टिपणी लिपिकाची. मग ती अधीक्षकांकडे जाते, तिथून सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, आणि आमच्या विभागात सगळ्यात वर परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक. यातल्या कुणीही खिडकीवरच्या माणसाला पाहिलेलं नसतं. त्यांच्यापुढे असतो फक्त मी लिहिलेला कागद, आणि त्यात जे आलं नाही ते त्यांच्या लेखी घडलेलंच नसतं. माझ्या पहिल्या अधीक्षक मॅडमनी एक सवय लावली. ‘नियमात बसत नाही’ असं लिहिलं की त्या नस्ती परत टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, “कुठल्या नियमात? क्रमांक लिही. सापडत नसेल तर वाक्य खोड.” त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी अजून ते वाक्य लिहिताना थांबते.

बाकी नोकरीबद्दल थोडक्यात सांगते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागल्यामुळे जुनी पेन्शन नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आश्वासित प्रगती योजना (बढती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) आणि सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी राज्यभरातले शिक्षकेतर कर्मचारी संपावर गेले, त्यात मीही होते. मंडळी निवृत्त होतात, त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, आणि शेजारच्या टेबलावर कंत्राटी मुलगा येतो. तो काम शिकतो न शिकतो तोच त्याचं कंत्राट संपतं. आणि काम वाढतच असतं. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचे असं कायद्यातच आहे, त्यामुळे परीक्षा संपल्या की इथे दिवस-रात्र कळत नाही. त्यातच पावसाळ्याच्या तोंडावर परदेशी जाणाऱ्या मुलांची ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या एकत्रित उताऱ्यासाठी, रांग लागते. सगळ्यांची शेवटची तारीख परवा असते.

अशाच गर्दीत, जुलै २०२४ मधल्या एका मंगळवारी त्या बाई आल्या. पन्नाशीच्या. रात्रभर प्रवास करून सकाळी दादरला उतरल्या होत्या आणि तिथून थेट आमच्याकडे. चिपळूणला एका पतसंस्थेत नोकरी करतात. पिशवीतून त्यांनी एक गुणपत्रिका काढली. दुधाची पिशवी कापून, धुऊन, सरळ करून तिच्यात ती गुंडाळलेली होती. कागदाला एकच घडी, आणि घडीवर आतून चिकटपट्टी. एस. वाय. बी. ए., म्हणजे बी. ए.चं दुसरं वर्ष, ऑक्टोबर १९९५.

मी विचारलं, “काय हवंय?”

“मॅडम, मी पास आहे की नापास, एवढंच बघायचंय.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. लालबागला आत्याकडे राहून कॉलेज केलं. दुसऱ्या वर्षाला एका विषयाची केटी राहिली, म्हणजे त्या विषयात नापास, तो पुन्हा द्यायचा. तिसऱ्या वर्षाची परीक्षा एप्रिल १९९५ मध्ये दिली. केटी त्याच ऑक्टोबरात सुटली, गुणपत्रिका कॉलेजातून मिळाली, तिची झेरॉक्स कॉलेजच्या ऑफिसात दिली. “आम्ही पाठवतो, तुमचा निकाल पोस्टाने येईल,” असं सांगण्यात आलं. फेब्रुवारीत लग्न झालं, त्या चिपळूणला गेल्या. निकाल आला नाही. आला नाही म्हणजे नापास, असं सासरी सगळ्यांनी धरलं, आणि हळूहळू त्यांनीही. एकोणतीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर त्या ‘टी. वाय. पर्यंत’ लिहीत आल्या. आता संस्थेच्या व्यवस्थापक निवृत्त होत होत्या, जागा यांना द्यायची सगळ्यांची इच्छा होती, पण पदवीचा कागद हवा होता.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा कॉलेज घ्यायचं, तिसऱ्या वर्षाची विद्यापीठ. दुसऱ्या वर्षाची केटी शिल्लक ठेवून तिसऱ्या वर्षाला बसता यायचं, पण मग तिसऱ्या वर्षाचा निकाल जाहीर व्हायचा नाही. पेपर तपासलेले, गुण मांडलेले, फक्त निकाल ‘राखीव’. केटी सुटली की कॉलेजने तसं पत्र विद्यापीठाला पाठवायचं आणि विद्यापीठाने निकाल मोकळा करायचा. म्हणजे तीन वर्षांचं शिक्षण त्या एका पत्रावर अडकलेलं. पत्र पोचलं नाही तर मूल नापासही नाही आणि पासही नाही. आणि त्याला हे सांगणारं कुणीच नाही.

शेजारून हळूच सांगण्यात आलं, “जुनं प्रकरण आहे, कॉलेजचं पत्र आणा म्हणून सांग.” हे नेहमीचं उत्तर आहे. मीसुद्धा ते खूप जणांना दिलेलं आहे. त्यात खोटं काही नसतं, पत्र लागतंच. पण ते ऐकून गेलेली माणसं किती परत येतात हे मला माहीत आहे, म्हणून त्या दिवशी ते तोंडातून निघालं नाही. अर्ज लिहून घेतला. मूळ गुणपत्रिका पाहून साक्षांकित प्रत ठेवली, आधार, विवाहाचा दाखला आणि माहेरचं-सासरचं नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं प्रतिज्ञापत्र लावायला सांगितलं, आणि आवक क्रमांक, म्हणजे आलेल्या कागदाचा नोंदणी क्रमांक, घालून पोच दिली. कुणाचंही असं जुनं काम असेल तर एवढं लक्षात ठेवा, आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. क्रमांक पडला की त्या कागदाला उत्तर देणं आम्हाला भाग असतं.

बैठक क्रमांक त्यांना आठवत नव्हता. हॉल तिकीट कधीच गेलेलं. हल्ली पास होणाऱ्यांची पदवी डिजिलॉकरमध्ये असते, फोनवर दाखवता येते. १९९५ मात्र अभिलेख कक्षात आहे.

तिथले शिपाई, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. कुठलं रजिस्टर कुठल्या घोडीवर, म्हणजे फळ्यांच्या मांडणीवर, आहे हे त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेही नाही. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, कक्षात पाणी शिरलं होतं. त्यानंतर पंधरा दिवस मामा आणि आणखी दोघे रजिस्टरांच्या पानापानात वर्तमानपत्रं घालून ती पंख्याखाली वाळवत होते. खालच्या फळीवरच्या रजिस्टरांच्या कडा अजून तपकिरी आणि पापडासारख्या वाकड्या आहेत. १९९५ तिसऱ्या फळीवर होतं, म्हणून वाचलं.

कला शाखेचं एप्रिल १९९५ चं रजिस्टर दोघांनी मिळून टेबलावर घेतलं. रेक्झिनचं बाइंडिंग, पाठीवर कापडाची पट्टी, आणि उघडल्या उघडल्या नाकात बसणारी ती जुनी धूळ. पानं डॉट मॅट्रिक्सची आहेत, जोडकागदाच्या कडेची भोकं बाइंडरने तशीच ठेवलेली. अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांची. रिबन संपत आली असेल तिथे ठिपके इतके फिके की ३ आणि ८ मधला फरक उजेडात तिरकं धरून बघावा लागतो. प्रत्येक विद्यार्थ्याला तीन ओळी. आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आम्ही कॉलेजचा क्रमांक धरला आणि नावं वाचत गेलो. मामा पट्टी सरकवत होते, मी वाचत होते. दुपार गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर माहेरच्या आडनावावर माझं बोट थांबलं.

सहा पेपर. सहाही पेपरांत पास. बेरजेचा रकाना कोरा, आणि शेवटी शेरा, ‘राखीव’. त्याच पानावर हाच शेरा असलेली आणखी दोन नावं होती. मी वेगळ्या कागदावर पेन्सिलने बेरीज केली. ३१८. मामांना दाखवली, त्यांनी पुन्हा केली. ३१८च. सेकंड क्लास.

इथून पुढचे चार महिने मला फार जड गेले. त्या बाईंनी विचारलं होतं ते एकच, आणि उत्तर मला माहीत होतं. पण राखीव निकाल म्हणजे जाहीर न झालेला निकाल. सही होईपर्यंत तो कुणालाही सांगायचा नाही, ज्याचा आहे त्यालाही नाही. आज तोंडी सांगितलं आणि उद्या वरून मान्यता आली नाही तर त्या माणसाचं काय करायचं? त्या दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत फोन करायच्या, बरोबर एक वाजून पाच मिनिटांनी. मी म्हणायचे, “फाइल चालू आहे, बाई.” त्या “बरं” म्हणायच्या आणि ठेवायच्या. एकदाही चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

कॉलेजला पडताळणीचं पत्र गेलं. दोन स्मरणपत्रं गेली. शेवटी मीच फोन केला. तिथल्या ऑफिसातल्या एका ताईंनी खरंच शोधलं. ऑक्टोबर १९९५ च्या दुसऱ्या वर्षाच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या आणि गुण जुळत होते. पण त्यांनी आणखी एक गोष्ट पाठवली, जी मी मागितली नव्हती. जानेवारी १९९६ च्या जावक रजिस्टरच्या पानाची प्रत. त्यात नोंद होती, या विद्यार्थिनीच्या केटीचं पत्र विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला पाठवल्याची.

म्हणजे पत्र निघालं होतं. आमच्याकडे आलं की नाही हे सांगता येत नाही, कारण आमची त्या वर्षाची आवक रजिस्टरं मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केलेली. पण कॉलेजने आपलं काम केलं होतं, आणि मुलीने तर केलंच होतं. राहिलो आम्ही.

हे टिपणीत लिहायचं की नाही यावर टेबलावर चर्चा झाली. न लिहिताही प्रस्ताव करता आला असता. ‘कॉलेजकडून आता पडताळणी प्राप्त झाली असून निकाल मुक्त करण्यास हरकत नसावी.’ वाक्य बरोबर आहे, खोटं नाही. पण ते वाचून वाटलं असतं की बाई एकोणतीस वर्षं गप्प बसल्या आणि आता जाग आली. मग विलंब शुल्क लागलं असतं, कदाचित ‘इतका विलंब का’ म्हणून खुलासाही मागवला गेला असता, आणि तो त्या बाईंनी द्यायचा. मला सांगण्यात आलं, “कशाला ओढवून घेतेस? त्या वेळी तू नोकरीतही नव्हतीस.” मी नव्हतेच. पण मी ज्या खुर्चीत बसते ती खुर्ची होती.

मी परिच्छेद चार लिहिला. कॉलेजचा जावक क्रमांक, तारीख, आपली आवक रजिस्टरं उपलब्ध नाहीत, सबब अर्जदाराकडून विलंब झाल्याचे दिसून येत नाही. शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’. तीन वेळा वाचली आणि वर पाठवली.

दोन आठवड्यांनी नस्ती परत आली. शेरा होता, ‘पूर्वोदाहरण आहे काय? तपासून फेरसादर करावे.’ हा शेरा बघून नव्या मुलांना वाटतं की आपली फाइल अडवली. मला तसं वाटत नाही. सही करणाऱ्याला सावरून धरणारं काहीतरी हवं असतं, आणि ते शोधून देणं माझं काम आहे. मामा आणि मी पुन्हा खाली. २०११ मधली एक नस्ती मिळाली, असाच राखीव निकाल, सोळा वर्षांनी मोकळा केलेला. तिची प्रत लावली, फेरसादर केली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मान्यता आली. विलंब शुल्काचा प्रश्न उद्भवत नाही, असं उपकुलसचिवांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.

रजिस्टरात नोंद करण्याची पद्धत कडक आहे. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, जुना शेरा झाकायचा नाही. तो तसाच ठेवून शेजारी लाल रंगात नवीन नोंद, आदेशाचा क्रमांक, तारीख, सही. कागद इतका मऊ झाला होता की शाईचं पेन लावलं असतं तर शाई फुटली असती, म्हणून लाल बॉलपेन घेतलं. मामांनी दोन्ही हातांनी पान ताणून धरलं. ‘राखीव’च्या उजवीकडे जेमतेम दीड इंच जागा होती. ३१८, उत्तीर्ण, द्वितीय श्रेणी. माझी सही, खाली अधीक्षकांची, मग रजिस्टर उचलून संचालकांच्या दालनात. एवढं मोठं रजिस्टर आत आलेलं बघून सरांनी चष्मा पुसला, पान पूर्ण वाचलं आणि मग सही केली.

त्या दिवशी सोमवार नव्हता. मीच फोन लावला. मागे पतसंस्थेतलं नोटा मोजायचं मशीन चालू होतं.

“बाई, तुम्ही पास आहात. एप्रिल १९९५ मध्येच पास होतात.”

मशीन थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

“किती?”

“तीनशे अठरा. सेकंड क्लास.”

त्यांनी फोन कानाजवळून दूर नेला असावा, कारण आवाज लांबून आला. कुणाला तरी सांगत होत्या, “तीनशे अठरा, तीनशे अठरा.” फोन तसाच चालू राहिला. मी थोडा वेळ ऐकलं आणि ठेवला.

पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळालं. त्या न्यायला स्वतः आल्या, या वेळी मुलीला घेऊन. प्रमाणपत्रावर परीक्षेच्या वेळचं, म्हणजे माहेरचं नाव असतं. वाटप रजिस्टरात सही करताना त्यांनी विचारलं, “कुठलं नाव लिहू?” मी म्हटलं, प्रमाणपत्रावर आहे ते. त्यांनी पेन टेकवलं, मग उचललं. मुलीला म्हणाल्या, “‘ळ’ला जरा वळण द्यायचे मी तेव्हा.” आणि तसं वळण देऊन सही केली.

आता त्या पानावरच्या उरलेल्या दोन नावांबद्दल. ती माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. त्यांनी केटी सोडवली की नाही मला माहीत नाही. कदाचित सोडवली नसेल, आणि मग तो शेरा योग्यच आहे. पण कदाचित त्यांचंही पत्र कुठेतरी पडलं असेल, आणि कुणीतरी एखाद्या फॉर्मवर ‘टी. वाय. पर्यंत’ लिहीत असेल. ती माणसं खिडकीवर येणार नाहीत, कारण आपण नापास आहोत असं त्यांनी धरलेलं आहे. त्यांच्याकडे आम्हीच जायला हवं. म्हणून जानेवारीत मी स्वतःहून एक टिपणी सादर केली. त्या दशकातल्या रजिस्टरांतले सगळे राखीव शेरे उतरवून काढावेत, कॉलेजनिहाय याद्या कराव्यात, आणि कॉलेजांना त्यांच्या नोंदी तपासायला सांगावं. जिथे जुळेल तिथे निकाल मोकळा करावा, माजी विद्यार्थ्याने मागो वा न मागो.

नस्ती परत आली आहे. शेरा, ‘मनुष्यबळाच्या उपलब्धतेबाबत अभिप्राय द्यावा.’ मनुष्यबळ किती आहे ते मला माहीत आहे, वर सगळ्यांनाच माहीत आहे. मी अभिप्राय दिला आहे की परीक्षांचा हंगाम सोडून आठवड्यातून दोन दुपारी मी आणि अभिलेख कक्षातले कर्मचारी हे काम करू शकतो. फेरसादर केली आहे.

मामा मे अखेरीस निवृत्त होतायत. त्यांच्या जागी कोण येणार ते ठरलेलं नाही, आणि कोण आलं तरी त्याला कुठलं रजिस्टर कुठे आहे ते माहीत नसणार. म्हणून मान्यतेची वाट न बघता आम्ही एक वही घातली आहे. कुठली घोडी, कितवी फळी, कुठलं वर्ष. मामा सांगतात, मी लिहिते. काल १९९२ पर्यंत आलो.